आंबिया बहार

आंबिया बहार : संत्रे, मोसंबी, लिंबू, डाळिंब, पेरू इ. फळझाडांना वसंत ऋतूच्या आरंभी, म्हणजे साधारणतः जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत येणाऱ्या फुलोऱ्यास व त्यापासून मिळणाऱ्या फळांच्या पिकास आंबिया बहार किंवा आंबे बहार म्हणतात. हा फुलोरा आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास येतो, म्हणून त्यास हे नाव पडले आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः विदर्भातील नागपुरी संत्र्याच्या (सिट्रस रेटिक्युलॅटा, कुल–रूटेसी) आंबिया बहाराची माहिती दिली असून इतर फळझाडांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

बहारांचे प्रकार : समशीतोष्ण प्रदेशातील फळझाडे हिवाळ्यात विश्रांती घेतात व वसंत ऋतूत एकदाच फुलतात. महाराष्ट्रातील उष्ण हवामानात लिंबू वर्गातील झाडांना अशी सक्तीची दीर्घ विश्रांती मिळत नाही. पाणी व अन्न सतत मिळत राहिल्यास त्यांना वर्षभर थोडीथोडी पालवी आणि तुरळक फुले येत राहतात. अशा झाडावर एकाच वेळी फुले, कोवळी फळे व पक्व फळे दिसतात; परंतु व्यापारी दृष्टीने असे विखुरलेले पीक निरुपयोगी ठरते. ते राखणे, तोडणे आणि विकणे या तिन्ही गोष्टी महाग पडतात, शिवाय कीड-रोगांना वर्षभर खाद्य मिळते. म्हणून झाडाला ठराविक काळी विश्रांती देऊन एकाच हंगामात भरपूर फुले आणण्याची पद्धत रूढ झाली. तीस ‘बहार धरणे’ असे म्हणतात.

बहार तीन आहेत : (१) आंबिया बहार : फुले जानेवारी-फेब्रुवारीत, संत्र्याची फळे ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरमध्ये तयार होतात. (२) मृग बहार : फुले मृग नक्षत्राच्या पावसानंतर जून-जुलैमध्ये, फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. (३) हस्त बहार : फुले हस्त नक्षत्राच्या सुमारास सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळे उन्हाळ्याच्या सुमारास. पहिल्या दोन बहारांना संत्र्याच्या लागवडीत महत्त्व आहे. हस्त बहार संत्र्यात सहसा धरीत नाहीत. कागदी लिंबाला उन्हाळ्यात मोठी मागणी असल्याने त्या झाडांचा मात्र तो मुद्दाम धरतात.

बहाराची निवड : एका झाडावर वर्षातून एकच बहार घ्यावा, हा नियम अनुभवसिद्ध आहे आणि त्यामागील कारणही स्पष्ट आहे. मृग बहारासाठी झाडास एप्रिल-मे महिन्यांत ताण द्यावा लागतो; त्याच वेळी आंबिया बहाराची कोवळी फळे झाडावर असतात व त्यांना पाण्याची सर्वांत अधिक गरज असते. उलट, आंबिया बहाराचा ताण डिसेंबरमध्ये द्यावयाचा, तर मृग बहाराची फळे त्या वेळी पोसत असतात. दोन्ही बहार एकाच झाडावर घेतल्यास ताण कोणत्याच बहाराला नीट बसत नाही, दोन्ही पिके अपुरी येतात आणि झाड थोड्याच वर्षांत खंगते. म्हणून दोन्ही हंगामांत उत्पन्न हवे असलेले बागायतदार बागेचे दोन भाग करून प्रत्येक भागावर वेगळा बहार धरतात.

निवडीचा मुख्य निकष पाणी हा होय. आंबिया बहाराची खात्री अधिक असते. हिवाळ्यातील थंडीमुळे झाडाची वाढ आपोआप मंदावते व ताणास मदत होते. फुलोरा सहसा हुकत नाही. परंतु फुले आल्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंतचा सर्व काळ, त्यातही विदर्भातील कडक उन्हाळा, ओलितावर काढावा लागतो. मृग बहाराला उन्हाळ्यात पाणी लागत नाही व त्याची फळे गोडीस आणि भावासही सामान्यतः चांगली असतात. मात्र तो पावसाच्या लहरीवर अवलंबून असतो. वळवाचा पाऊस लवकर पडला किंवा मृगाचा पाऊस लांबला, तर फुलोरा येत नाही आणि ते वर्ष वाया जाते.

पाण्याचा अंदाज : आंबिया बहार धरण्याचा निर्णय डिसेंबरमध्ये घ्यावा लागतो. त्या वेळी विहिरी भरलेल्या असतात, व येथेच अनेकदा फसगत होते. विहिरीला डिसेंबरमध्ये किती पाणी आहे यापेक्षा मागील वर्षांत मे महिन्यात ती किती वेळ चालली, हे पाहणे अगत्याचे असते. अंदाजाची रीत सोपी आहे. ६ × ६ मी. अंतरावरील बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडास ठिबक पद्धतीने दररोज सरासरी १०० लि. पाणी लागते असे धरल्यास हेक्टरी रोज २७,७०० लि. आणि जानेवारीच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या सु. १३५ दिवसांत ३७ लाख लिटरांहून अधिक पाणी लागेल. ही सरासरी आहे. मे महिन्यातील रोजची गरज जानेवारीतील गरजेच्या दुपटीहून अधिक असते, आणि नेमकी त्याच वेळी विहीर आटलेली असते. हिशोबात पाणी कमी पडत असल्यास सर्व बागेवर बहार न धरता पुरेल तेवढ्याच झाडांवर तो धरावा. अर्धपोटी ठेवलेल्या संपूर्ण बागेपेक्षा नीट जोपासलेल्या अर्ध्या बागेचे उत्पन्न अधिक असते व झाडेही वाचतात.

या हिशोबाचे महत्त्व संत्र्याच्या मुख्य पट्ट्यात विशेष आहे. नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड व कळमेश्वर, तसेच अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी व चांदूर बाजार हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध असून हा पट्टा उत्तरेस मध्य प्रदेशातील सौंसर व पांढुर्णा भागांत पसरला आहे. विहिरींच्या जोडीस खोल कूपनलिका आल्यानंतर वरूड-मोर्शी भागातील भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाला व या तालुक्यांची गणना अतिशोषित क्षेत्रांत झाली. २०१८ च्या अपुऱ्या पावसानंतर २०१९ च्या उन्हाळ्यात या भागातील अनेक बागा वाळल्या. हंगामी पीक बुडाले तर नुकसान एका वर्षाचे असते. संत्र्याचे झाड मेले, तर नवे झाड लावून ते फळावर येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. आंबिया बहाराचा निर्णय हा म्हणून केवळ एका पिकाचा नसून बागेच्या आयुष्याचा असतो.

ताण देणे : फुले येण्यासाठी झाडाची शाकीय वाढ थांबून फांद्यांत पिष्टमय पदार्थांचा साठा व्हावा लागतो. थंडी आणि पाण्याचा तुटवडा या दोन कारणांनी वाढ थांबते. पाने मात्र काही काळ अन्न तयार करीत राहतात. त्यामुळे फांद्यांतील पिष्टमय पदार्थांचे नत्राशी असलेले प्रमाण वाढते व सुप्त डोळ्यांचे रूपांतर फुलकळ्यांत होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. आधीच्या बहाराची फळे तोडून झाल्यावर, साधारणतः डिसेंबरच्या आरंभी, ओलित बंद करतात. ताणाचा काळ जमिनीवर अवलंबून असतो : हलक्या जमिनीत सु. एक महिना, मध्यम जमिनीत दीड महिना आणि ओल धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत दोन महिने किंवा काहीसा अधिक. या काळात आळ्यांतील जमीन वखरून किंवा हलकी चाळून तणे काढतात.

ताण पुरेसा झाल्याची खूण दिवसांवरून न ठरविता झाडावरून ठरवितात. पानांची तकाकी जाऊन ती फिकट होतात, दुपारी मलूल पडतात आणि सु. एक-चतुर्थांश पाने गळतात. याहून अधिक ताण दिल्यास कोवळ्या फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात व फुलांची संख्या वाढण्याऐवजी घटते. अशक्त, रोगट किंवा चार-पाच वर्षांहून लहान झाडांना ताण देऊ नये. ताणाच्या काळात अवकाळी पाऊस झाल्यास किंवा भारी जमिनीत ताण बसत नसल्यास क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाची फवारणी करतात.

पूर्वी ताण लवकर बसावा म्हणून झाडाभोवतीची माती काढून मुळ्या उघड्या करण्याची व तंतुमुळे छाटण्याची पद्धत होती. तिच्यामुळे मुळांना जखमा होऊन त्यांतून फायटोप्थोरा या कवकाचा प्रवेश होतो, असे दिसून आल्याने ही पद्धत आता त्याज्य मानतात.

मशागत व खते : ताण संपण्यापूर्वी झाडांवरील वाळलेल्या फांद्या म्हणजे सल काढून टाकतात. सल हिरव्या भागाच्या थोड्या अंतरापर्यंत कापून त्या जागी बोर्डो मलम लावतात. बुंध्यावर व मोठ्या फांद्यांवर सरळ वाढलेले पाणसोट आणि खुंटावरील फूट काढून टाकतात; पाणसोटांना फळे लागत नाहीत व ते अन्न मात्र खातात. नंतर आळी दुरुस्त करून प्रत्येक पूर्ण वाढलेल्या झाडास सु. ५० किग्रॅ. शेणखत व ७ ते ८ किग्रॅ. निंबोळी पेंड देतात. रासायनिक खतांतून झाडास वर्षाला सु. ८०० ग्रॅ. नत्र, ३०० ते ४०० ग्रॅ. स्फुरद व ४०० ते ६०० ग्रॅ. पालाश मिळेल अशी मात्रा ठेवतात. माती व पानांच्या परीक्षणावरून तीत फेरफार करणे इष्ट असते. नत्राची अर्धी आणि स्फुरदाची पूर्ण मात्रा ताण तोडताना व नत्राची उरलेली मात्रा फळे वाटाण्याएवढी झाल्यावर देतात. खते खोडालगत न टाकता झाडाच्या घेराखाली, जेथे तंतुमुळे असतात तेथे, मातीत मिसळतात.

विदर्भातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत जस्त व लोह ही द्रव्ये असूनही झाडास उपलब्ध होत नाहीत. त्यांच्या अभावी पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. नव्या पालवीवर ०·५% जस्त सल्फेटाचा, आम्लता घालविण्यासाठी चुना मिसळून, फवारा देतात.

ओलित : ताण तोडताना पहिले पाणी हलके देतात. तीन-चार दिवसांनी दुसरे, पहिल्यापेक्षा थोडे जास्त, व नंतर आठवड्याने तिसरे पूर्ण पाणी देतात. पहिल्याच वेळी भरपूर पाणी दिल्यास पालवी जोमाने फुटते आणि फुले कमी येतात. पाणी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत फुलकळ्या दिसू लागतात. फुले येऊन फळे बोराएवढी होईपर्यंत पाण्याच्या पाळ्यांत खंड पडू देत नाहीत. या काळात एक पाळी चुकली तरी फळगळ होते. उलट अतिरेकी पाण्यानेही मुळांना हवा न मिळाल्यामुळे फळे गळतात.

पाट पद्धतीत पाणी खोडास लागू नये म्हणून दुहेरी आळे (बांगडी) पद्धत वापरतात. आतील लहान आळे कोरडे राहते व पाणी बाहेरील कड्यात फिरते. ठिबक पद्धतीत पाण्याची मोठी बचत होते. तोट्या मात्र झाडाच्या वाढीबरोबर खोडापासून दूर सरकवाव्या लागतात. आळ्यात वाळलेल्या गवताचे किंवा काडाचे ८ ते १० सेंमी. जाडीचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन कमी होते, मुळे थंड राहतात व तणेही कमी उगवतात. पाण्याची टंचाई असलेल्या बागेत हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

फलधारणा व फळगळ : संत्र्याच्या झाडावर हजारो फुले येतात, त्यांपैकी शेकडा एक-दोन फुलांचीच फळे तोडणीपर्यंत टिकतात. फुले व अगदी लहान फळे गळणे हे नैसर्गिक असून झाड त्या योगे आपल्या शक्तीनुसार भार हलका करीत असते. या गळीने घाबरून औषधांचा मारा करण्याचे कारण नसते. चिंता करावी ती दोन गळींची : एप्रिल-मे महिन्यांत उष्णता व पाण्याच्या कमतरतेमुळे होणारी गळ आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळे मोठी झाल्यावर अतिपाऊस, कवक, कीटक किंवा अन्नाच्या अभावाने होणारी गळ. पहिल्या प्रकारात प्रथम पाणी व आच्छादन यांची व्यवस्था पाहतात. त्याखेरीज १०० लि. पाण्यात १·५ ग्रॅ. जिबरेलिक अम्ल व १ किग्रॅ. यूरिया यांचा फवारा देतात. जिबरेलिक अम्लाऐवजी २, ४-डी हे संप्रेरकही तितक्याच अल्प मात्रेत वापरतात. परंतु ते अधिक मात्रेत तणनाशक असून कपाशीचे पीक त्यास फार संवेदनशील आहे. कपाशीच्या शेतालगत ते वापरू नये. त्यासाठी वापरलेला पंप कपाशीवरील फवारणीस घेऊ नये.

फुले पूर्ण उमलली असताना कीटकनाशके फवारीत नाहीत. नागपुरी संत्र्यात स्वपरागणाने फळे धरतात. तरीही मधमाश्यांच्या वावराचा फलधारणेस उपयोग होतो आणि ऐन फुलोऱ्यातील फवारणीने मधमाश्या मरून फुलेही गळतात.

किडी व रोग : वसंतातील कोवळी पालवी हे किडींचे आवडते खाद्य होय. सिट्रस सायला व मावा हे कीटक पालवीतील रस शोषतात. सायलामुळे ग्रीनिंग या असाध्य रोगाचा प्रसार होतो. पाने पोखरणारी अळी पानांत नागमोडी बोगदे करते, तर लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या रोपांची व लहान झाडांची पाने फस्त करतात. काळ्या माशीचे प्रौढ मार्च-एप्रिल, जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारी असे प्रत्येक बहाराच्या पालवीवर निघतात. तिच्या पिलांनी सोडलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढून पाने व फळे कोळशासारखी काळी होतात. या विकृतीस विदर्भात ‘कोळशी’ म्हणतात. निम्मी अंडी उबल्याच्या सुमारास पानांच्या खालच्या बाजूस केलेली फवारणी परिणामकारक ठरते. एकट्याने केलेला उपाय फारसा टिकत नाही, कारण शेजारच्या बागेतून माशी पुन्हा येते. गावातील बागायतदारांनी एकाच वेळी फवारणी करणे हाच खरा उपाय होय.

डिंक्या व मूळकूज हे फायटोप्थोरा कवकामुळे होणारे रोग निचरा नसलेल्या भारी जमिनीत झाडे मारतात. कलम करताना डोळा जमिनीपासून २२ ते ३० सेंमी. उंचीवर भरणे, लागवडीत कलमाचा सांधा मातीत न गाडणे, खोडास पाणी लागू न देणे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर १ मी. उंचीपर्यंत खोडास बोर्डो मलम (मोरचूद १ किग्रॅ., चुना १ किग्रॅ., पाणी १० लि.) लावणे हे प्रतिबंधक उपाय आहेत.

आंबिया बहाराच्या फळांना पावसाळ्याच्या अखेरीस आणखी एक शत्रू भेटतो, तो म्हणजे फळातील रस शोषणारा पतंग. तो रात्री पिकू लागलेल्या फळास सोंडेने छिद्र पाडतो व त्या जागी फळ कुजून गळते. त्याच्या अळ्या संत्र्यावर न वाढता गुळवेल, वासनवेल यांसारख्या रानवेलींवर वाढतात. बागेच्या परिसरातील अशा वेली काढणे, गळालेली फळे रोज वेचून पुरणे व सायंकाळी बागेत धूर करणे यांनी उपद्रव कमी होतो.

गारपीट : फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट हे आंबिया बहाराचे मोठे संकट होय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने फळबागांची मोठी हानी झाली. गारपिटीनंतर मोडलेल्या फांद्या नीट कापून बोर्डो मलम लावतात व संपूर्ण झाडावर ताम्रयुक्त कवकनाशक फवारतात. झाड सावरण्यासाठी हलके पाणी व खत देतात. फुटलेली फळे काढून टाकतात, अन्यथा ती झाडाचे अन्न खातात व कुजीचे केंद्र बनतात.

काढणी : जून-जुलैपासून फळांचा भार वाढतो. फांद्या मोडू नयेत म्हणून त्यांना बांबूचे टेकू देतात. फुलोऱ्यापासून ८ ते ९ महिन्यांत फळे तयार होतात. सालीस नारिंगी रंग येण्यास रात्रीचा गारवा लागतो; त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आतून तयार झालेली फळेही बाहेरून हिरवट दिसतात. रसातील विद्राव्य घन पदार्थ सु. १०% झाल्यावर फळे तोडण्यास योग्य समजतात. फळे ओढून न काढता देठासह कात्रीने कापतात. ओढल्यास देठाजवळची साल निघून फळ वाहतुकीत कुजते. बहुतेक बागायतदार तोडणीपूर्वीच बागेचा सौदा करतात. अशा वेळी व्यापारी फळे उशिरापर्यंत झाडावर ठेवतो व पुढील वर्षाच्या ताणास उशीर होतो. म्हणून सौद्यात तोडणीची अखेरची तारीख ठरवून घेणे हिताचे असते.

इतर फळझाडे : मोसंबीचा आंबिया बहार मराठवाड्यातील जालना व लगतच्या जिल्ह्यांत मोठ्या प्रमाणावर धरतात. तेथेही उन्हाळी पाण्याचा प्रश्न तोच आहे. डाळिंबात तिन्ही बहार शक्य असतात. आंबिया बहाराची फळे पावसाळ्यात पोसत असल्याने त्यांवर तेलकट डाग (तेल्या) या जीवाणुजन्य रोगाचा धोका अधिक असतो. पेरूची पावसाळ्यात येणारी आंबिया बहाराची फळे बेचव व कीडग्रस्त असतात, म्हणून त्यात मृग बहार पसंत करतात. अंजिराच्या लागवडीत ‘खट्टा’ (पावसाळी) व ‘मीठा’ (उन्हाळी) अशी बहारांची वेगळी नावे रूढ आहेत.

संशोधन : अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) आणि नागपूर येथे १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र (आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था) यांनी ताण, खते, ठिबक सिंचन, खुंटांची निवड व रोगमुक्त कलमे यांविषयी काम केले आहे. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शन प्राप्त झाले. या संशोधनाने बहार धरण्याची पद्धत पुष्कळ निश्चित झाली असली, तरी तिचा पाया पूर्वीच्या बागायतदारांनी ओळखलेलाच आहे : झाडास विश्रांती द्यावी, एका वर्षी एकच बहार घ्यावा आणि मे महिन्याच्या पाण्याकडे पाहून डिसेंबरचा निर्णय करावा.